वेलस्लीच्या मागावर सहा दिवस

पहिला दिवस : पुणे ते नगर

"मामा, आपण हरलो त्या जागा बघायला मी सहा दिवस सुट्टी टाकलीय?" वाघोली ओलांडताना भाच्याने विचारलं. गाडी त्याची, पेट्रोल माझं, असा सौदा ठरलेला. त्यामुळे प्रश्न विचारायचा हक्क त्याला होता.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. निवृत्तीनंतर १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धातली आर्थर वेलस्लीची पत्रं हाताला लागली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला हरवून बसला. पत्रांत तलवारी, शौर्य वगैरे असेल असं वाटलं होतं. निघाले ते बैल, तांदूळ, होड्या आणि कोणत्या नदीला किती पाणी आहे याच्या चौकश्या. माणूस सेनापती कमी आणि आमच्या खात्याचा कार्यकारी अभियंता जास्त वाटला. तेव्हाच ठरवलं, हा गृहस्थ आपल्या मुलखात जिथून जिथून फिरला तिथून एकदा जायचं.

भाच्याला थोडक्यात सांगितलं. जन्म १७६९, डब्लिनचा. नेपोलियनही त्याच सालचा. घराणं नावाचं, पैसा बेताचा. इंग्रजी फौजेत तेव्हा हुद्दे रोख पैसे मोजून विकत मिळत. तसे घेत घेत हा चोविसाव्या वर्षी ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. त्याच साली हातातलं व्हायोलिन जाळून टाकलं आणि परत कधी वाजवलं नाही. १७९७ ला हिंदुस्थानात उतरला आणि पुढच्याच वर्षी सख्खा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला.

"म्हणजे वशिला," भाचा म्हणाला.

वशिला होताच. श्रीरंगपट्टणला १७९९ मध्ये सुलतानपेठच्या राईत रात्रीच्या अंधारात याने सपाटून मार खाल्ला, तरी टिपू पडल्यावर शहराचा कारभार यालाच मिळाला. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता.

पुण्याशी त्याचा संबंध असा : यशवंतराव होळकरांनी ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ पेशवे आणि शिंद्यांच्या फौजांना धूळ चारली. दुसरे बाजीराव वसईला पळाले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसले. त्यांना गादीवर परत बसवायचं काम वेलस्लीकडे आलं. बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव पुणं जाळणार अशी आवई उठली, तेव्हा हा घोडदळ घेऊन बत्तीस तासांत जवळजवळ ९५ किलोमीटर दौडत २० एप्रिल १८०३ ला पुण्यात आला. पुणं जळालं नाही. आम्हाला वाघोलीपासून शिक्रापूरपर्यंत यायला दीड तास लागला, त्यावर भाच्याने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

नगरचा भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून आत सोडतात. लोक येतात ते १९४२ ते ४५ मध्ये नेहरू जिथे कैदेत होते ती खोली बघायला. वेलस्लीसाठी आलेले आम्ही दोघेच असू. मला बघायचा होता खंदक. रुंद, खोल आणि अजूनही धड. वसईचा तह शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना मानवला नाही, त्यातून ऑगस्टात युद्ध पेटलं, आणि नगर तेव्हा शिंद्यांकडे होतं. पण वेलस्ली आधी किल्ल्यावर गेलाच नाही. ८ ऑगस्टला त्याने शहराची, म्हणजे पेठेची, भिंत शिड्या लावून घेतली. भिंत उंच, पण आतून उभं राहायला फळीच नाही. शिपाई वर चढत आणि माथ्यावर पाय ठेवायला जागा नाही म्हणून परत खाली कोसळत. कॅम्पबेल नावाच्या एका स्कॉटिश लेफ्टनंटने तलवार मनगटाला लटकवली, दोन्ही हातांनी चढला आणि बुरुजात उडी मारली. त्याच्या मागून बाकीचे. किल्ला चार दिवसांनी, भिंतीला खिंडार पडायला लागल्यावर, किल्लेदाराने बोली करून सोडला.

त्या दिवशी पेशव्यांतर्फे इंग्रजांच्या छावणीत गोखले नावाचे सरदार होते. हे बापू गोखलेच, असं मानतात. त्यांनी म्हणे पुण्याला लिहिलं : हे इंग्रज विचित्र लोक आणि यांचा सेनापती अजब माणूस. सकाळी आले, पेठेची भिंत बघितली, तिच्यावरून चालत गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत.

"मग या गोखल्यांचं पुढे काय झालं?"

सांगतो नंतर, म्हटलं. भूक लागली होती. माळीवाडा वेशीजवळ मिसळ खाल्ली. वेस मात्र अजून उभी आहे, खालून रिक्षा जातात.

दुसरा दिवस : गोदावरी

रस्त्याचाच दिवस. लिहिण्यासारखं एकच ठिकाण, कायगाव टोका. प्रवरा इथे गोदावरीला मिळते आणि जायकवाडीचा फुगवटा इथवर येतो. सप्टेंबरअखेर असल्याने पाणी काठोकाठ होतं. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून मी बराच वेळ बघत राहिलो. भाचा सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन फोटो काढून आला.

लढाई पावसाळ्यात सुरू करायची हे वेलस्लीने मुद्दाम ठरवलं होतं. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करायची रीत, कारण तोवर नद्या उतरतात आणि घोडी पलीकडे जातात. मराठी फौजेचा सगळा जीव चपळ घोडदळात. नद्या भरलेल्या असताना तेच घोडदळ काठावर अडकतं. याने मात्र टोपल्यांसारख्या होड्या करून घेतल्या होत्या, वेताबांबूचा सांगाडा आणि वरून कातडं. फौज, तोफा, बैल, सगळं ऑगस्टात याच पट्ट्यात गोदावरीपार गेलं. बैल म्हैसूरचे, हैदर-टिपूने जोपासलेल्या अमृतमहाल जातीचे. टिपूची तलवार कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं, टिपूच्या बैलांनी पुढे कोणाच्या तोफा ओढल्या याची कोणाला पडलेली नसते.

मुक्काम संभाजीनगरला. हॉटेलात गरम पाणी नव्हतं, एवढीच नोंद.

तिसरा दिवस : असई

भोकरदनच्या रस्त्याला मका, कपाशी आणि हिरव्या मिरचीच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो. लढाई २३ सप्टेंबरची. आम्ही तीन दिवस उशिरा पोचलो, कारण भाच्याला सुट्टी मिळायला तीन दिवस उशीर झाला.

इथे दोन नद्या आहेत, केळणा आणि जुई. जवळजवळ समांतर येतात आणि पुढे एकमेकींना मिळतात. मधे जिभेसारखा निमुळता होत गेलेला जमिनीचा पट्टा, आणि जुईच्या काठाला असई गाव. केळणेच्या उत्तर काठाला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांची फौज पसरलेली. घोडदळ अफाट, पण खरी ताकद दुसरीच. पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली दहा हजारांवर कवायती पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीजवळ लढणारे साडेचार हजार, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार. दुसरी फौज घेऊन कर्नल स्टिव्हन्सन वेगळ्या वाटेने येत होता, दोघांनी मिळून हल्ला करायचा बेत होता. सकाळी बावीस-तेवीस किलोमीटर चालून आल्यावर वेलस्लीला कळलं की शत्रू वाटला होता त्यापेक्षा फारच जवळ आहे. स्टिव्हन्सनची वाट न बघता तो तसाच पुढे निघाला.

समोर नदी, पलीकडे तोफा. तोंडावर हल्ला म्हणजे मरण. शत्रूच्या डाव्या बगलेवरून वळसा घालायचा तर नदी ओलांडायला जागा पाहिजे. वाटाडे म्हणाले, इकडे कुठेही उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या अलीकडे एक गाव आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं गाव, पिंपळगाव आणि वरूड. तो म्हणाला, दोन गावं अशी समोरासमोर वसलीत आणि त्यांच्यात जाण्या-येण्याची वाट नाही, हे होणार नाही. माणूस पाठवला. उतार होता.

ही गोष्ट मी पंचवीस वेळा तरी वाचली असेल. आमच्या खात्यात नव्या पोराला सर्वेक्षणाला पाठवताना साहेब हेच सांगायचे, नकाशा बघू नको, बायका धुणं कुठे धुतात ते बघ. गावाला नदी कुठून ओलांडायची हे ठाऊक असतंच. वेलस्लीच्या वाटाड्यांनाही ठाऊक असणार. त्यांनी सांगितलं नाही, का सांगितलं नाही, याचा विचार मी भोकरदनपासून करत होतो. माझं मत : त्यांना सांगायचं नव्हतं. पुरावा काही नाही.

काठावर जाण्याच्या नादात मी भाच्याला गाडी शेतरस्त्यावर घालायला लावली. आदल्या रात्री पाऊस झालेला. काळी माती. पन्नास फुटांवर मागची दोन्ही चाकं रुतली आणि रेस दिली तशी अजून खाली गेली. भाचा काही बोलला नाही, हे जास्त वाईट.

तासाभराने एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. साठीचे, टोपी, पायात गमबूट. साखळी लावता लावता म्हणाले, "लढाई बघाया आले का?" म्हटलं हो. "मंग बरोबर अडकले. त्याहीचे बैलबी इथंच अडकले असतील."

नुसते अडकले नाहीत. उतार ओलांडल्यावर इंग्रजांच्या तोफांचे बैल बरेचसे मारले गेले आणि तोफा मागेच राहिल्या. पाण्यात शिरतानाच वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्याने उडालं. पलीकडे जाऊन बघतो तर पोलमनने आपली सगळी रांग नदीकडून फिरवून बरोबर त्याच्या समोर आणून उभी केलेली. एवढं पायदळ आणि तोफा एका दमात काटकोनात वळवायच्या, हे वेलस्लीने गृहीतच धरलं नव्हतं. मराठ्यांना कवायत जमत नसे, असं अजूनही लिहिणाऱ्यांनी त्या दुपारकडे बघावं.

पुढचे तीन तास भयंकर. उजवीकडच्या तुकडीला गावापासून लांब राहायचा हुकूम होता, तिचा अधिकारी चुकून थेट असईच्या रोखाने गेला. त्याच्यामागून ७४ वी स्कॉटिश पलटण. गावाच्या भिंतीआड पायदळ आणि तोफा होत्या, पलटण जवळजवळ संपली. डावीकडे ७८ व्या पलटणीने आणि मद्रासच्या शिपायांनी तोफांची पहिली रांग घेतली. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, जागेवर संगिनींनी मारले गेले. काही जण मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्याच पाठीवर तोफा डागल्या. वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून मेला, दुसऱ्याला, दिओमेद नावाच्या करड्या अरबी घोड्याला, भाला लागला. संध्याकाळी सहापर्यंत मराठी फौज जुईपार हटली. ९८ तोफा मागे राहिल्या. इंग्रजांचे ४२८ मेले, अकराशेहून जास्त जखमी. म्हणजे लढलेल्या तिघांमागे एक. आपले किती गेले याचा नीट आकडा कोणी ठेवला नाही. मेलेले बाराशे धरतात.

सगळ्या विजयांनंतर, म्हातारपणी, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती असं विचारल्यावर वेलिंग्टनने वॉटर्लू म्हटलं नाही. असई म्हटलं.

गाडी निघाल्यावर शेतकऱ्यांनी चहाला घरी नेलं. ओट्यावर, दाराला टेकण म्हणून ठेवलेला एक लोखंडी गोळा होता. पेरूएवढा, गंजून खडबडीत, एका बाजूला चपटा. नांगराला लागला म्हणाले, वडलांच्या वेळेला. हातात घेतला तर दिसतो त्यापेक्षा कितीतरी जड. भाच्याने दोन्ही हातांत तोलून बघितला आणि पहिल्यांदाच काही विनोद न करता खाली ठेवला. घरातल्या बाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई यानं मीठ फोडायच्या."

कोणाचा गोळा, शिंद्यांचा की कंपनीचा? विचारलं. ते म्हणाले, "आमच्या वावरात घावला, आमचा."

चौथा दिवस : शेगाव

धाड, बुलढाणा, खामगाव. घाटात धुकं. दुपारी शेगाव, महाराजांचं दर्शन, कचोरी. भाचा कचोरीसाठी सगळी मोहीम माफ करायला तयार झाला. संध्याकाळी मी झोपलो.

पाचवा दिवस : अडगाव, अंजनगाव सुर्जी

तेल्हारा तालुक्यातलं अडगाव. इंग्रजी पुस्तकांत आरगाम. शिरसोलीपासून अडगावपर्यंत सपाट रान, कपाशी आणि तूर, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. बघण्यासारखं काही नाही असं भाचा म्हणाला आणि ते खरं आहे.

पण २९ नोव्हेंबर १८०३ ची दुपार मला असईपेक्षा जास्त बोलकी वाटते. स्टिव्हन्सन यावेळी बरोबर होता, पण इतका आजारी की हत्तीवर बसून लढाई चालवत होता. फौज गावाआडून बाहेर पडत असताना भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि देशी शिपायांच्या तीन पलटणी फुटून मागे पळाल्या. असईला ज्या धीटपणे लढल्या त्याच या पलटणी. माणूस एकदा धीट म्हणजे कायमचा धीट, असं नसतं. वेलस्लीने त्यांना रागावून अडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग तो शांतपणे त्यांना गावाच्या आडोशाला घेऊन गेला, तिथे रांगा परत लावल्या आणि पुन्हा पुढे आणलं. मी तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्याने नंतर लिहिलं. बढाई आहे, पण खोटी नाही. चंद्रप्रकाशात पाठलाग चालला. ३८ तोफा गेल्या.

अकोटवरून अंजनगाव सुर्जी. पानमळ्यांचं गाव. चौकात थांबून बनारसी नको, इथलंच पान द्या म्हटलं तर पानवाला खूश झाला. ३० डिसेंबरला इथे शिंद्यांनी तह केला. दिल्ली-आग्र्याचा मुलूख, गंगा-यमुनेचा दोआब, भडोच, नगरचा किल्ला, सगळं त्या कागदावर गेलं. भोसल्यांचा तह त्याआधी १७ तारखेला देवगावला झाला, त्यात कटक आणि बालेश्वर गेलं.

शिंद्यांकडून बोलणी करायला विठ्ठलपंत होते. वय झालेलं, चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटत नसे. पुढे वेलिंग्टन युरोपात बड्या मुत्सद्द्यांत वावरू लागला तेव्हा त्याला कोणी विचारलं, हा फ्रेंचांचा तालेराँ कसा आहे हो? तो म्हणाला म्हणे, आमच्या विठ्ठलपंतासारखा, फक्त तेवढा हुशार नाही. हे मी पानवाल्याला सांगितलं. त्याने चुना लावता लावता विचारलं, "मग तह असा कसा केला?"

परतवाड्यावरून घाट चढून रात्री चिखलदरा. थंडी. कॉफी इथल्याच मळ्यांतली.

सहावा दिवस : गाविलगड

सकाळी धुक्यात हाताला हात दिसत नव्हता. दहा वाजता जरा विरळ झालं तसे निघालो. किल्ला गावापासून जवळच, पंधराव्या शतकातला बहामनी. गवळ्यांच्या वस्तीवरून नाव पडलं म्हणतात. दरवाज्यावर गंडभेरुंड आणि सिंह कोरलेले. आत तलाव तुडुंब, मशिदीच्या कमानींतून धुकं आत-बाहेर करत होतं. गुराख्याच्या म्हशी होत्या, माणूस एकही नाही.

दक्षिणेकडून वर यायचा विचारही करू नये असे कडे. वेलस्ली त्या बाजूला नुसता देखावा करत बसला. खरं काम उत्तरेकडून, लबाडा गावाच्या बाजूने. स्टिव्हन्सनच्या माणसांनी जड तोफा सातपुड्यातून वाट नसलेल्या डोंगरांवरून हातांनी ओढत आणल्या, पन्नासेक किलोमीटर, ७ ते १२ डिसेंबर. आज त्या रानातून जीप नेतानाही माणूस पायाखाली बघत बसतो. १५ ला सकाळी बाहेरच्या कोटाला पडलेल्या खिंडारांतून आत शिरले, पण आतला कोट तसाच उभा होता, मधे दरी. एका इंग्रज कप्तानाने शिडी लावून थोड्या माणसांनिशी भिंत ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला. पुढे कत्तल झाली. किल्लेदार बेनीसिंग दरवाज्याजवळ, प्रेतांच्या राशीत सापडला.

भाचा त्या आतल्या भिंतीजवळ बराच वेळ उभा होता. मग खाली दरीत बघत म्हणाला, "मामा, हा माणूस पुढे पण असंच करायचा का? नदी, वाट, शिडी?"

म्हटलं, १८०९, पोर्तुगाल. डौरो नदी, पूल फ्रेंचांनी उडवलेला, सगळ्या होड्या पलीकडच्या काठाला. वेलस्ली अलीकडे. एका न्हाव्याने चार दारूवाहू होड्या लपलेल्या जागेवरून आणून दिल्या. त्यांतून भर दिवसा फौज पलीकडे नेली, फ्रेंचांना कळेपर्यंत पाय रोवून झालेले. नेपोलियन त्याला शिपायांचा जनरल म्हणून हिणवायचा, म्हणजे काळ्या शिपायांच्या फौजा हाकून मोठा झालेला. १८०५ ला मायदेशी जाताना वेलस्ली सेंट हेलेना बेटावर एका घरात उतरला होता. दहा वर्षांनी नेपोलियनला कैद करून त्या बेटावर नेलं, तेव्हा पहिले काही आठवडे त्याच घराच्या आवारात ठेवलं.

"आणि ते गोखले? तुम्ही सांगणार होतात."

खरंच राहून गेलं होतं. तेच बापू गोखले, ज्यांनी नगरला तारीफ केली, ते पंधरा वर्षांनी बाजीरावांचे सेनापती होते. असईला वेलस्लीच्या बाजूने घोडा दौडवणारा पोरसवदा एल्फिन्स्टन तोवर पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, झालेला. गोखले शेवटपर्यंत लढले. २० फेब्रुवारी १८१८, आष्टीला, घोड्यावर, तलवार हातात असताना पडले. बाजीराव तोवर पुढे निघून गेले होते.

"आष्टी कुठं आलं?"

"सोलापूर जिल्हा, मोहोळकडे. तिथला तलाव आमच्याच खात्याचा. मी दोन वर्षं होतो तिथे."

"रस्ता कसाय? काळी माती का?"

म्हटलं, काळीच.

"मग जानेवारीत जाऊ," भाचा म्हणाला आणि गाडीची किल्ली काढून उतरायला लागला.